दुसरी पसंती कुणाची?

निवडणुकीचा निकाल हा मतदाराचा शेवटचा शब्द मानण्याची रूढी आहे. जिल्हा परिषदेच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा पहिलाच शब्द ठरतो. पुढचे सारे बोलणे निवडून आलेले सभासद आपसांत उरकून घेतात. पैठण तालुक्यातील बिडकीन, पाचोड, आडूळ किंवा विहामांडवा येथील मतदाराने याचा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

फेब्रुवारी 2017 मध्ये तत्कालीन औरंगाबाद जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. एकूण जागा 62. म्हणजे बहुमतासाठी 32 सभासद हवेत. ती संख्या कोणत्याही एका पक्षाला गाठता आली नाही. भारतीय जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला. परंतु राज्याच्या मंत्रिमंडळात त्याच्या शेजारी बसलेल्या शिवसेनेने जिल्ह्यात काँग्रेसशी हातमिळवणी केली आणि शिवसेनेच्या देवयानी डोणगावकर अध्यक्ष झाल्या. पुढे जानेवारी 2020 मध्ये अध्यक्षपदाची पुन्हा निवड आली, तेव्हा चित्र उलटे झाले होते. महाविकास आघाडीतर्फे काँग्रेसच्या मीना शेळके उभ्या राहिल्या, तर डोणगावकर भाजपच्या पाठिंब्याने त्यांच्या विरोधात उतरल्या. दोघींना प्रत्येकी 30 मते पडली. अखेर चिठ्ठी काढण्यात आली आणि शेळके अध्यक्ष झाल्या. समान मते पडल्यास चिठ्ठीचा मार्ग कायद्यालाच मान्य आहे. त्यामुळे त्यात गैर काही घडले असे म्हणता येणार नाही. प्रश्न निराळाच आहे. ज्या मतदाराने 2017 मध्ये भाजपला, शिवसेनेला वा काँग्रेसला मत दिले, त्याला यांपैकी कोणती जोडी पसंत होती, हे त्या पाच वर्षांत कोणी विचारले काय?

विचारण्याची सोयच नाही, हे त्याचे उत्तर. ग्रामीण मतदार एका दिवशी दोन मते देतो. एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी आणि दुसरे पंचायत समितीच्या गणासाठी. दोन्ही ठिकाणी ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. समजा, एखाद्या गटात दहा हजार मते पडली आणि चार उमेदवारांत ती 3400, 3200, 2400 व 1000 अशी विभागली गेली. पहिला उमेदवार निवडून येतो. पण 6600 मतदारांनी त्याला मत दिलेले नसते. यांतील किती जणांना तो निदान चालण्यासारखा होता आणि किती जणांना तो मुळीच नको होता, याची नोंद मतपत्रिकेवर कोठेही होत नाही.

आयर्लंड या लहानशा देशाने या अडचणीतून 1920 पासूनच वेगळी वाट काढली आहे. तेथील काउंटी कौन्सिल ही आपल्या जिल्हा परिषदेची चुलत बहीण म्हणावी अशी संस्था. तिच्या प्रत्येक मतदारसंघातून अनेक सभासद निवडले जातात आणि मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. ठरावीक कोटा पूर्ण करणारा निवडून येतो. त्याची जादा मते आणि तळाला राहून बाद झालेल्याची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. म्हणून मोजणी कित्येकदा काही दिवस चालते. जून 2024 च्या निवडणुकीत 949 जागांपैकी फियाना फॉल पक्षाला 248, फिने गेल पक्षाला 245 आणि शिन फेन पक्षाला 102 जागा मिळाल्या. अपक्षही मोठ्या संख्येने आले. म्हणजे तेथेही निकाल विखुरलेलाच लागतो. परंतु तो विखुरण्यापूर्वी मतदाराची दुसरी-तिसरी पसंती हिशेबात आलेली असते.

ही पद्धत मराठवाड्याच्या शिक्षकांना व पदवीधरांना परकी वाटण्याचे कारण नाही. विधान परिषदेसाठी त्यांनी याच रीतीने आकडे लिहिले आहेत. पहिल्या पसंतीत कोटा पूर्ण न झाल्यास बाद फेऱ्या कशा होतात, हे त्यांना ठाऊक आहे. शिक्षकाला जे जमते ते त्याच्या गावच्या शेतकऱ्याला जमणार नाही, असे मानणे हा शेतकऱ्याचा अपमान होईल.

तथापि या पद्धतीला जादूची कांडी समजू नये. आयर्लंडमध्येही सभासद निवडणुकीनंतर तडजोडी करतातच. शिवाय तेथील परिषदांच्या कारभाराचा मोठा भाग मुख्य अधिकाऱ्याच्या हाती असतो. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्गाच्या जागांचे चक्र फिरते. अनेक सभासदांच्या गटात हे आरक्षण कसे बसवायचे, याचा विचार बारकाईने करावा लागेल. त्यासाठी 1961 च्या जिल्हा परिषद कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि ती सोपी नाही.

एक गोष्ट मात्र कायदा न बदलताही करता येण्याजोगी आहे. बहुमत न मिळाल्यास कोणाबरोबर बसणार आणि कोणाबरोबर बसणार नाही, हे प्रत्येक पक्षाने मतदानापूर्वी जाहीर करावे. मतदार निदान डोळे उघडे ठेवून मत देईल, आणि नंतर शब्द फिरवणाऱ्याला गावात जाब विचारता येईल.

हा काथ्याकूट केवळ अध्यक्षाच्या खुर्चीसाठी नाही. गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, नळपाणी योजना, गावरस्ते यांचा कारभार जिल्हा परिषदेच्या विषय समित्यांतून चालतो, आणि त्या समित्या कोणाच्या हाती जाणार हे याच वाटाघाटींत ठरते. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर तर सभासदही उरले नाहीत. कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या वादात लांबलेल्या या निवडणुका घ्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये द्यावा लागला. इतकी वर्षे ज्याचा पहिला शब्दही ऐकला गेला नाही, त्या मतदाराला त्याची दुसरी पसंती विचारणे ही चैन नव्हे. ते त्याचे थकलेले देणे आहे.