भंगारात दिलं, की सुटलो?

जुना मिक्सर भंगारवाल्याने वजनावर घेतला, म्हणजे त्याची रीतसर विल्हेवाट लागली, असं बहुतेक घरांत मानलं जातं. भंगारवाला वस्तू गोळा करतो, आणि ते काम तो कुठल्याही यंत्रणेपेक्षा चोख करतो. अडचण त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे. तांबं काढण्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात. वायरीवरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात, उरलेलं आम्ल गटारात.

‘मग सरकार काय करतं? कायदाच नाही ना!’ हे तर साफ चूक. देशात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०१२पासून लागू आहेत. आजचे नियम २०२२चे, १ एप्रिल २०२३पासून अमलात आलेले. ई-कचरा म्हणजे फक्त संगणक नि मोबाइल, हेही खरं नाही. पूर्वीच्या नियमांत उपकरणांचे २१ प्रकार होते, आता १०६ आहेत. फ्रिज, ट्यूबलाइट, विजेवरची खेळणी, वैद्यकीय उपकरणं, इतकंच काय, सौर पॅनेलही त्यांत आलं. बॅटऱ्यांसाठी मात्र वेगळे नियम आहेत.

सगळ्यांत जास्त घोळ कंपनीच्या जबाबदारीबद्दल आहे. ‘माझा टीव्ही त्याच कंपनीने परत न्यायला हवा,’ असं लोक म्हणतात. नियमाचं गणित निराळं आहे. कंपनीने काही वर्षांपूर्वी विकलेला माल आता कचरा झाला असणार, असं धरून त्याचं वजन काढतात. त्यातल्या ठरावीक हिश्श्याइतक्या ई-कचऱ्याचं रिसायकलिंग झाल्याचं तिने दाखवायचं. हा हिस्सा पहिली दोन वर्षं ६० टक्के होता, पुढच्या दोन वर्षांसाठी ७०, आणि २०२७-२८पासून ८०. हे दाखवण्यासाठी ती नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेते. ती कुणाच्या टीव्हीची, याला महत्त्व नाही. प्रमाणपत्रांची आकडेमोड सोनं, तांबं, लोखंड आणि अॅल्युमिनियम या चार धातूंवर बेतलेली. साहजिकच ज्यातून धातू कमी निघतो, त्या प्लॅस्टिकच्या पसाऱ्यात कुणाला फारसा रस नसतो. सरकारने रिसायकलरसाठी किमान दर ठरवला, तेव्हा काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

‘घरगुती माणसाला दंड होईल’ ही भीतीही अनाठायी आहे. ग्राहकांपैकी नियमांनी बांधले आहेत ते मोठे ग्राहक: वर्षात कधीही किमान १००० उपकरणं वापरात असलेल्या संस्था. बँक किंवा आयटी कंपनी आपले जुने संगणक लिलावात भंगारवाल्याला विकू शकत नाही. तुम्हाआम्हाला मुभा आहे, आणि माझ्या मते नियमांची खरी फट इथेच आहे. एका टोकाला उत्पादक बांधला, दुसऱ्या टोकाला रिसायकलर, मधली हातगाडी मोकळी राहिली. तिच्यासाठी राज्य सरकारवर कामं सोपवली आहेत: ई-कचरा फोडणाऱ्या कामगारांची नोंदणी, त्यांना प्रशिक्षण, उद्योगांसाठी राखीव जागा. कागदावर हे उत्तमच आहे.

परवान्याबद्दलही गोंधळ आहे. रिसायकलरची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. कारखाना चालवण्याची संमती मात्र आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, आणि अचानक तपासणीचं कामही त्याचंच. तेव्हा कुणी सोसायटीत ‘सरकारमान्य’ असा फलक लावून ई-कचरा गोळा करायला आला, तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा. साध्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवणं हे नियमांनी महापालिकेवर टाकलेलं काम आहे. वॉर्ड ऑफिसात ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ असं उत्तर मिळालं, तर तक्रार लेखी द्या.