सुहैली

एकट्या नाविकाने कोठेही न थांबता ज्या नौकेतून पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती मुंबईत बांधलेली शिडाची सागवानी नौका. ब्रिटिश नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन (जन्म १९३९) याने १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत हा प्रवास केला. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयीकडून येणाऱ्या वाऱ्यास सुहैली म्हणतात. त्यावरून नौकेस हे नाव देण्यात आले.

आराखडा : सुहैलीच्या आराखड्याचे मूळ नॉर्वेत आहे. तेथील नौकाशिल्पी कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मच्छीमारांच्या साहाय्यासाठी भर वादळातही समुद्रात टिकून राहतील अशा जीवरक्षक नौका तयार केल्या. त्यांच्या धर्तीवर अमेरिकन अभिकल्पक विल्यम ॲटकिन याने १९२०–३० या दशकात ‘एरिक’ नावाचा लहान आकाराचा आराखडा केला. सुहैली त्यावर आधारलेली आहे. तिची लांबी पुढे आलेली नाळेची काठी सोडून सु. ९·८ मी. व रुंदी सु. ३·४ मी. असून तिला दोन डोलकाठ्या व त्रिकोणी शिडे आहेत. नौकेची दोन्ही टोके निमुळती आहेत. त्यामुळे मागून येणारी लाट पिछाडीवर न आदळता दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. तळाचा कणा लांबलचक असल्याने नौका आपली दिशा सहसा सोडत नाही आणि शिडांचा समतोल नीट साधल्यास सुकाणूला हात न लावताही बराच काळ सरळ जाऊ शकते. या गुणांची किंमत वेगाच्या रूपाने द्यावी लागते. रुंद व वजनदार असल्यामुळे ही नौका मंदगती असून शर्यतीच्या दृष्टीने तिचा आराखडा १९६८ मध्येच जुनाट समजला जात होता.

बांधणी : नॉक्स-जॉन्स्टन हा मुंबई व इराणचे आखात यांदरम्यान चालणाऱ्या बोटींवर अधिकारी होता. त्याने १९६३-६४ मध्ये कुलाबा येथील कारखान्यात ही नौका बांधून घेतली. कण्यापासून फळ्यांपर्यंत मुख्यतः सागवान वापरण्यात आले. यंत्रांचा उपयोग जवळजवळ झाला नाही. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने लाकूड तासून आणि दोरीच्या सामत्याने भोके पाडून ती घडविली. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असल्याने ते पाण्यात लवकर कुजत नाही व त्यास कीडही सहजी लागत नाही. याच गुणामुळे लवजी वाडिया यांनी १७३६ मध्ये मुंबईत जहाजबांधणी सुरू केल्यानंतर येथील सागवानी जहाजांना मोठी मागणी आली. त्या परंपरेतील १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन करण्यात आले आहे. सुहैली १९६५ मध्ये मुंबईहून निघाली व दक्षिण आफ्रिकेमार्गे १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली.

शर्यत : लंडनच्या संडे टाइम्स या वृत्तपत्राने १९६८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. कोणत्याही बंदरात न थांबता व बाहेरची मदत न घेता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, अशी तिची अट होती. प्रथम परतणाऱ्यास सुवर्णगोल व सर्वांत जलद येणाऱ्यास ५,००० पौंडांचे पारितोषिक होते. नऊ स्पर्धक निघाले. सुहैली इंग्लंडमधील फॅल्मथ बंदरातून निघाली तेव्हा ती स्पर्धेतील लहान व संथ नौकांपैकी एक होती.

प्रवासाच्या आरंभीच तळाच्या एका सांध्यातून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुडी मारून फटीत कापूस ठासला व त्यावर कापड आणि तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेस प्रचंड लाटेने नौका आडवी केली व तिच्या खोलीचा सांगाडा खिळखिळा झाला. संदेश पाठविणारे रेडिओयंत्र बंद पडले, पिण्याचे पाणी दूषित झाले आणि ऑस्ट्रेलियाजवळ स्वयंचलित सुकाणूयंत्रही निकामी झाले. अशा स्थितीत लांब कण्याचा उपयोग दिसून आला. केवळ शिडांच्या समतोलावर नौका चालवीत त्याने १७ जानेवारी १९६९ रोजी केप हॉर्न ओलांडले. सु. ३०,००० सागरी मैलांच्या या प्रवासातील सरासरी वेग ताशी केवळ ४ सागरी मैल इतका होता.

अधिक वेगवान नौकांपैकी एकही परत आली नाही. फ्रेंच नाविक बेर्नार म्वातेस्ये शर्यत सोडून ताहितीकडे वळला. नायजेल टेटली याची प्लायवुडची तीन-तळी नौका वेग वाढविण्याच्या प्रयत्नात खिळखिळी होऊन मे १९६९ मध्ये बुडाली. डॉनल्ड क्रोहर्स्ट याने आपल्या स्थानाविषयी खोटे संदेश पाठविले. त्याची नौका जुलै १९६९ मध्ये निर्मनुष्य स्थितीत सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने पारितोषिकाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबास दिले.

नंतरचा इतिहास : सुहैली काही वर्षे ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली होती, परंतु तेथील कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्यामुळे २००२ मध्ये ती बाहेर काढावी लागली. दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली. शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, जुन्या पद्धतीची गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा घेण्यात आली. तीसाठी सुहैलीची प्रतिकृती ‘तुरिया’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडातच बांधण्यात आली. भारतीय नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी हे ती चालवीत असता सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या व ते गंभीर जखमी झाले. नौका मात्र बुडाली नाही आणि त्यांची सुटका होईपर्यंत तरंगत राहिली.