इमारतीतील उष्म्याचे पूर्वगणित

इमारत उभी राहिल्यावर तिच्यातील उकाडा कमी करणे खर्चाचे ठरते; आराखडा कागदावर असतानाच तो सुधारणे सोपे असते. या कामी संगणकीय आज्ञावली उपयोगी पडतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००१ साली उपलब्ध करून दिलेली 'एनर्जीप्लस' ही त्यांपैकीच एक असून ती विनामूल्य मिळते.

स्थानिक हवामान, भिंती व छपराचे साहित्य, त्यांची जाडी, खिडक्यांची दिशा आणि माणसांची संख्या ही माहिती तीत भरली, की वर्षातील ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला खोली किती तापेल, याचा अंदाज मिळतो.

शरीरास वाटणारा उकाडा केवळ हवेच्या तापमानावर अवलंबून नसतो. आर्द्रता, वारा आणि तापलेल्या पृष्ठभागांची झळ यांचाही त्यात वाटा असतो. विदर्भात पत्र्याच्या छपराखालील वर्गखोलीत खिडक्या उघड्या असूनही विद्यार्थी उन्हाळ्यात हैराण होतात, ते यामुळेच. छपरास पांढरा लेप, त्याखाली उष्णतारोधक थर किंवा खिडकीवर छज्जा, यांपैकी कशाने किती फरक पडेल, हे बांधकामापूर्वी पडताळता येते.

अर्थात, माहिती चुकीची भरल्यास उत्तरही चुकते. म्हणून शाळेचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी हे गणित अभियंत्याकडून समजून घेणे पंचायतींच्या हिताचे ठरेल.