संकेतस्थळ हलले, ईमेल हरवले

छोट्या व्यवसायांत हा प्रकार नेहमी घडतो. जुनी वेबसाइट बदलायची ठरते, नवा डेव्हलपर येतो, होस्टिंग बदलते आणि नवे पान झोकात सुरू होते. दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात येते, की कंपनीच्या पत्त्यावर एकही ईमेल आलेला नाही. ईमेलला तर कोणी हातही लावला नव्हता!

हात लागला होता, पण डीएनएसला, म्हणजे कोणत्या नावाचा सर्व्हर कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदवहीला.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर सगळ्या संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती फाइल सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले, तशी ही पद्धत कोलमडू लागली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि प्रत्येक डोमेनची नोंदवही त्या-त्या मालकाच्या हाती गेली. तिच्यासोबत जबाबदारीही गेली, याचा विसर मात्र अनेकांना पडतो.

या वहीत वेबसाइट आणि ईमेल यांच्या नोंदी वेगळ्या असतात. ‘ए’ रेकॉर्ड वेबसाइटच्या सर्व्हरचा आयपी क्रमांक सांगतो. टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे, हे ‘एमएक्स’ रेकॉर्ड सांगतो. त्यात सर्व्हरच्या नावाआधी एक आकडा असतो. ज्याचा आकडा लहान, तो सर्व्हर आधी गाठला जातो. ही व्यवस्था 1986 पासूनची आहे. तिच्यामुळेच वेबसाइट पुण्यातल्या होस्टिंग कंपनीकडे आणि ईमेल गूगल किंवा झोहोकडे, असा संसार एकाच नावाखाली सुखाने चालतो.

गडबड होते ती नेमसर्व्हर, म्हणजे ही वही जिथे ठेवलेली असते तो सर्व्हर, बदलताना. फक्त वेबसाइट हलवायची असेल, तर बहुतेक वेळा ‘ए’ रेकॉर्ड बदलणे पुरते. नेमसर्व्हर बदलला, की अख्खी वहीच नवी होते आणि जुन्या वहीतले जे उतरवून घेतले नाही, ते जगाच्या दृष्टीने उरत नाही. ‘एमएक्स’ सापडला नाही, तर पाठवणारा सर्व्हर नियमानुसार ‘ए’ रेकॉर्डच्या पत्त्यावर, म्हणजे वेबसाइटच्याच दारात, टपाल घेऊन जातो. तिथे ते नाकारले जाते; किंवा, त्याहून वाईट, कोणीही न उघडणाऱ्या खात्यात साचत राहते.

‘बदल जगभर पसरायला 48 तास लागतात’ असे ग्राहकाला सांगितले जाते. खरे तर काहीच पसरत नसते. ठिकठिकाणच्या सर्व्हरांनी जपलेली जुनी प्रत कालबाह्य व्हावी लागते. ती मुदत ‘टीटीएल’ ठरवतो, तोही सेकंदांत: 86400 म्हणजे एक दिवस. रेकॉर्ड बदलण्याच्या आदल्या दिवशीच तो 300 वर आणला, तर चूक झाली तरी बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत सुधारता येते. नेमसर्व्हरच्या नोंदीची मुदत मात्र वरच्या पातळीवर ठरते. तिथे ही युक्ती चालत नाही.

पाठवलेल्या ईमेलचे भवितव्यही याच वहीत आहे. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने ईमेल पाठवावे, हे ‘एसपीएफ’ सांगतो, ‘डीकेआयएम’ डिजिटल सही तपासू देतो आणि तपासणी फसली तर काय करावे, हे ‘डीमार्क’ सांगतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या खात्यांना दिवसाला 5000 हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही बंधनकारक आहेत. नव्या सेवेसाठी दुसरा ‘एसपीएफ’ रेकॉर्ड जोडणे ही सर्रास होणारी चूक. एका नावाला असा एकच रेकॉर्ड चालतो. दोन दिसले, तर तपासणी दोन्ही बाद ठरवते.

म्हणून वेबसाइटचे काम कोणाकडेही द्या, पण डोमेन स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर, स्वतःच्या खात्यात ठेवा. आणि नेमसर्व्हरला हात लावू देण्याआधी सगळ्या रेकॉर्डची प्रत मागून घ्या.