गोचीड अंगावर, पिलावळ अंगणात!

एखादा पाठ सोडत नसला की आपण म्हणतो, "काय गोचिडीसारखा चिकटलाय!" पण खरीखुरी गोचीड तुम्ही कधी नीट पाहिली आहे का?

उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा रडवेला होऊन शाळेत आला. "बाई, आमच्या टिप्याच्या कानात एरंडाच्या बिया चिकटल्यात. निघतच नाहीत. आणि तो कालपासून भाकरीला तोंड लावत नाही."

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. मला आमचा मोत्या आठवला.

पंढरपुरातलं आमचं जुनं घर. मोठं अंगण, मधोमध तुळशीवृंदावन आणि एका अंगाला दगडी गोठा. मी तेव्हा तुमच्याएवढी होते. दर रविवारी आम्ही भावंडं मोत्याच्या अंगावरच्या गोचिडी काढायचो आणि भिंतीपाशी फेकून द्यायचो. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढ्याच! एका चैत्रात मोत्याला ताप भरला. उन्हानं असेल म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो. त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आमचं चुकलं कुठं? ते मला मोठेपणी कळलं. तुम्हाला आजच सांगते.

किडा नव्हे, कोळ्याची नातलग

कीटकांना पाय सहा असतात. वाढलेल्या गोचिडीचे पाय मोजा, आठ भरतील. ती कोळी आणि विंचवाच्या गोतावळ्यातली. गंमत म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, पुढे कात टाकल्यावर आठ होतात. तिला ना उडता येतं, ना उडी मारता येते. पण पुढच्या पायांनी तिला जनावराचा वास आणि ऊब कळते. जनावर जवळ आलं, की ही झाली स्वार!

रक्त पिऊन मादी टम्म फुगते, अगदी एरंडाच्या बीसारखी. एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस'. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी गोचीड! म्हणजे आमचा चौथीतला पठ्ठ्या काही फारसा चुकला नव्हता.

आता आमची चूक ऐका. पोट भरलेली मादी आपणहून खाली उतरते आणि एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड तर आयुष्यात तीनदा जेवते आणि तिन्ही वेळा खाली उतरते. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या भिंतीच्या भेगांत, दगडांच्या ढिगात, कुत्र्याच्या पोत्यात दडलेल्या. उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगणाऱ्या! आणि आम्ही काय करत होतो? फुगलेल्या माद्या नेमक्या भिंतीपाशी नेऊन टाकत होतो.

रोगाची टपालवाली

गोचीड रक्त पिते तेवढ्यावर थांबत नाही. एका जनावराचा रोग ती दुसऱ्याला पोचवते. डासामुळे हिवताप पसरतो, याचा धागा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादला सापडला. त्याआधीच, १८९३ साली, अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिलं होतं, की गुरांचा एक जीवघेणा ताप गोचिडींमुळे पसरतो.

आपल्याकडच्या गोठ्यातही गोचीडताप येतो. आपली खिलार गाय त्या मानानं काटक. जर्सी किंवा होल्स्टिनच्या संकरित गाईला मात्र तो चांगलाच आडवा करतो.

आणि माणसाला? कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडं मरू लागली आणि माणसंही तापानं फणफणली. तोच हा माकडताप. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. तोही गोचिडीच पसरवतात. पण घाबरू नका. हा पश्चिम घाटाच्या जंगलपट्टीतला आजार आहे. तिकडं पाहुण्यांकडं गेलात, तर मात्र रानात अंगभर कपडे घाला आणि मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका.

मग करायचं काय?

अंगणापासून सुरुवात करा. वाढलेलं गवत कापा, पालापाचोळा आणि दगडविटांचे ढीग हलवा. भिंतीच्या भेगा सिमेंटनं बुजवून चुना मारायला बाबांना सांगा. कुत्र्याचं पोतं दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. एकदा करून भागत नाही. राहिलेली अंडी नंतर फुटतात, म्हणून हे काम चालू ठेवायचं.

मग कुत्र्याकडं वळा. कान, मान, पट्ट्याखालची जागा, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं मूळ दर आठवड्याला तपासा. गोचीड दिसली की मोठ्या माणसाला बोलवा. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून, चिमट्यानं कातडीलगत धरून ती सरळ, सावकाश ओढायची. नखांनी चिरडायची नाही. रॉकेल ओतायचं नाही, काडीचा चटका द्यायचा नाही. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायचं आणि हात साबणानं धुवायचे.

पालकांना एक विनंती. पिकावर फवारायचं औषध जनावराच्या अंगाला कधीही लावू नका. कुत्रं अंग चाटतं आणि विष पोटात जातं. औषध जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण ते वजनानुसार ठरतं. कुत्र्याचं औषध मांजराला तर मुळीच नको. त्यातली काही मांजराच्या जिवावर बेततात.

आणि ताप, न खाणं, पांढऱ्या हिरड्या किंवा नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमच्यासारखे थांबू नका.

टिप्याला त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. आठवडाभर औषध चाललं आणि तो पुन्हा भाकरी खाऊ लागला. घरच्यांनी भिंतीच्या भेगाही बुजवल्या. महिन्यानं मी विचारलं, "काय रे, संपल्या का गोचिडी?"

"दोन सापडल्या, बाई," तो म्हणाला. "पण भिंतीपाशी नाही टाकल्या. बाटलीत आहेत. आणू का उद्या? पाय मोजायला?"

मी म्हटलं, "आण. पण झाकण घट्ट लावून!"