टॉवर सापडला, माणूस कुठे आहे?

‘मोबाइल लोकेशनवरून आरोपी जेरबंद’ हे वाक्य बातम्यांत रोजचे झाले आहे. पण कंपनीकडून पोलिसांना मिळणाऱ्या सीडीआरमधली, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्डमधली, एखादी ओळ नीट वाचून पाहावी. कोणत्या क्रमांकावरून कोणाला फोन गेला, तारीख, वेळ, किती सेकंद बोलणे झाले, हँडसेटचा ओळख क्रमांक (आयएमईआय) आणि फोन ज्या अँटेनाला जोडला होता तिचा सेल आयडी, मुख्यतः एवढेच तिच्यात असते. फोन नेमका कुठे आणि कोणाच्या हातात होता, हे नसते. टॉवरवर बहुधा तीन बाजूंना अँटेना असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला साधारण 120 अंशांचा पट्टा येतो. शहरात हा पट्टा काहीशे मीटरांचा, तर टॉवर विरळ असलेल्या ग्रामीण भागात कित्येक किलोमीटरांचा असतो. त्यातही फोन सर्वांत जवळचा टॉवर धरेलच असे नाही. ज्याचा सिग्नल चांगला, तो धरतो. बुलढाण्यासारख्या घाटाच्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचे आहे. राजूर घाटाच्या माथ्यावरचा सिग्नल खाली मोताळ्याच्या सपाटीवर दूरवर जाऊ शकतो आणि डोंगराआडच्या फोनला शेजारचा टॉवर मिळतही नाही. देऊळगाव राजाच्या शिवारातला फोन जालना जिल्ह्यातल्या टॉवरवर नोंदला जाणेही शक्य आहे.

पण म्हणून हा पुरावा टाकाऊ ठरत नाही. ‘त्या रात्री मी पुण्यात होतो’ म्हणणाऱ्याचा फोन खामगावात नोंदला गेला असेल, तर त्याला खुलासा द्यावाच लागेल. माझ्या मते सीडीआरची खरी ताकद खोटे पकडण्यात आणि निरपराधाला वगळण्यात आहे. एकट्याच्या बळावर गुन्हा सिद्ध करण्यात नाही. डेन्मार्कमध्ये 2019 मध्ये दूरसंचार डेटाचे रूपांतर करणाऱ्या संगणकप्रणालीतच चुका सापडल्या. दहा हजारांहून अधिक खटल्यांची फेरतपासणी करावी लागली आणि न्यायालयांत असा डेटा वापरणे दोन महिने थांबवले गेले.

सीडीआरसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र लागते. अशा तांत्रिक बाबींवर अडून गुन्हेगार सोडायचे का, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर शेजारच्या जालन्याने दिले आहे. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला फौजदारी नव्हता. 2014 च्या विधानसभा निवडणुकीतले उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रतीसोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-बीचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मात्र अधिकारी ते देत नसतील तर न्यायालयामार्फत मागवता येते, हेही सांगितले. आणि सर्व प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या गोरंट्याल यांना त्याचा फटका बसू दिला नाही. म्हणजे नियम कडक आहे, आंधळा नाही.

त्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मधील प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला सांकेतिक ठसा, नोंदवावी लागते. फाइलमधला एक आकडा बदलला तरी ही व्हॅल्यू बदलते, त्यामुळे फेरफार लपत नाही. पण मूळ नोंदच उरली नाही तर? परवान्याच्या अटीनुसार कंपन्यांनी सीडीआर किमान दोन वर्षे ठेवायचा असतो. खटले त्याहून कितीतरी लांबतात. पोलीस आपल्याला हवा तो भाग वेळेत मागवून घेतात. आरोपीला वाचवू शकणारी नोंदही तपासाच्या पहिल्याच आठवड्यात जतन व्हायला हवी, आणि घटनास्थळी कोणत्या अँटेनाचा सिग्नल मिळतो याचे मोजमाप त्याच दिवसांत व्हायला हवे. नवे टॉवर उभे राहिले की ते नंतर करता येत नाही.