साखर, किण्व आणि पाण्यातील वनस्पती

घरातील मत्स्यपेटीत हौसेने लावलेल्या पाणवनस्पती काही आठवड्यांतच निस्तेज दिसू लागतात आणि त्यांच्या पानांवर शेवाळ चढते, असा अनुभव अनेकांना येतो. प्रकाश पुरेसा असतो, वाळूत खतही असते. तरीही वाढ खुंटते. पुष्कळदा याचे कारण म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड वायूची उणीव होय.

प्रकाशात ठेवलेली हिरवी पाने पाण्याखाली प्राणवायूचे बुडबुडे सोडतात आणि अंधारात ही क्रिया थांबते, हे यान इंगेनहाउस यांनी 1779 मध्ये दाखविले. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेला असेल तरच असा प्राणवायू निघतो, हे जिनिव्हाचे झां सनेबिए यांनी 1782 मध्ये सिद्ध केले. हवेच्या सान्निध्यात स्थिर राहिलेल्या पाण्यात 25 अंश सेल्सिअस तपमानास हा वायू लिटरमागे सुमारे 0.6 मिलिग्रॅम असतो. शिवाय हवेच्या मानाने पाण्यात तो सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. हायड्रिलासारख्या काही वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवितात. परंतु हे सामर्थ्य सर्वांच्या ठायी नसते.

ही उणीव स्वयंपाकघरातील साहित्याने भरून काढता येते. पावाचे पीठ फुगविणारे यीस्ट, म्हणजेच किण्व, साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. 100 ग्रॅम साखर पूर्णपणे आंबली तर सुमारे 51 ग्रॅम वायू निघतो.

दोन लिटरांच्या शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत एक लिटर कोमट पाणी, 200 ग्रॅम साखर आणि पाव चमचा कोरडे यीस्ट घालावे. झाकणातून काढलेली नळी पाण्याने अर्ध्या भरलेल्या दुसऱ्या बाटलीत बुडवावी, म्हणजे वर चढणारा फेस तेथेच अडकतो. या बाटलीतील पाण्याच्या वर उघडणाऱ्या दुसऱ्या नळीने वायू मत्स्यपेटीकडे न्यावा. या नळीत एकमार्गी झडप असावी; एरव्ही पेटीतील पाणी उलट बाटलीत ओढले जाते. नळीचे तोंड पाण्याखाली उपड्या ठेवलेल्या लहान वाटीत सोडावे. तेथे साठलेला वायू हळूहळू विरघळतो. मद्यार्काचे प्रमाण वाढत जाते तसे किण्व मंदावते. म्हणून साधारणपणे दोन आठवड्यांनी मिश्रण बदलावे लागते. उन्हाळ्यात ही मुदत आणखी कमी होते.

येथे एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. किण्वाला दिवस आणि रात्र यांतील भेद कळत नाही. दिवा मालवला की वनस्पती वायू घेण्याचे थांबवितात, इतकेच नव्हे, तर श्वसनाने त्यात स्वतःची भर घालतात. बाटली मात्र आपले काम चालूच ठेवते. पाण्यात हा वायू फार वाढला, तर माशांच्या कल्ल्यांतून रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. रक्त आम्लधर्मी होते व त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाण्यात प्राणवायू असूनही मासे गुदमरतात.

म्हणून सायंकाळी नळी पेटीबाहेर काढून तिचे तोंड मोकळे ठेवावे. ती चिमटून बंद करणे सर्वथा वर्ज्य होय, कारण वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. काचेची बाटली याच कारणाने वापरू नये. रात्री हवेचा पंप चालू ठेवावा. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले, तर पाणी खळबळवून जादा वायू बाहेर घालवावा आणि काही पाणी बदलावे.

पानांवर प्राणवायूचे बारीक मोती चमकू लागले, म्हणजे वनस्पतींची क्रिया जोमाने चालू आहे असे समजावे. परंतु वनस्पतीला जे अन्न, तेच अधिक झाल्यास माशाला विष ठरते. म्हणून बुडबुड्यांची संख्या सावकाश वाढवावी आणि ती वाढविताना पानांआधी माशांकडे पाहावे.